मधली दोन वर्षे : रयत शिक्षण संस्था आणि सातारा-सांगलीची अकरावी-बारावी

मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये महाराष्ट्रात अकरावीचे वर्ग भरले. अकरावी-बारावीच्या या कनिष्ठ महाविद्यालयाने आता पन्नाशी ओलांडली आहे. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले, वरिष्ठ महाविद्यालयांवरही लिहिले गेले. ही मधली दोन वर्षे मात्र दोन्हीकडच्या लेखनातून निसटत राहिली. शाळावाल्यांना ती कॉलेजची वाटतात आणि कॉलेजवाल्यांना शाळेची.

वास्तविक आपल्याकडच्या मुलाचे पुढे काय होणार, हे याच दोन वर्षांत ठरते. माण-खटावचा मुलगा दहावी झाला की मुंबईच्या माथाडी बाजारात कुणी ओळखीचा आहे का, याची घरात चौकशी सुरू होते. विटा-आटपाडीकडे गलाईच्या व्यवसायात गेलेला चुलता किंवा मामा असतो. सोने-चांदी गाळण्याचे त्याचे दुकान तमिळनाडूत असते नाहीतर बिहारमध्ये, आणि त्याला हाताखाली विश्वासाचा पोरगा हवाच असतो. साताऱ्याच्या गावागावांत पहाटे भरतीची तयारी करणारी मुले धावत असतात. मुलीच्या बाबतीत स्थळे सांगून येऊ लागतात. या सगळ्या ओढाताणीतून मुलाला बारावीपर्यंत धरून ठेवायचे आणि त्यानंतर त्याला विद्यापीठाच्या दारात उभे करायचे, असे हे काम आहे. म्हणून आपल्या भागात विद्यापीठाची तयारी म्हणजे आधी विद्यार्थी टिकवणे आणि मग शिकवणे. हा क्रम संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिला. अकरावी-बारावीचा इतिहास पाहायचा तर कनिष्ठ महाविद्यालय हा शब्दही नव्हता त्या काळापासून सुरुवात करावी लागते.

एक जिल्हा, दोन वाटा

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. संस्थाने विलीन झाली, सांगली, मिरज, जत हे मुलूख जोडले गेले आणि दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगलीत मोडते आणि त्यांचे कराड साताऱ्यात. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा शिक्षणाचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही.

१९१९ हे साल या भागाच्या शिक्षणात दोनदा महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जूनमध्ये पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केले. याच सोसायटीचे न्यू इंग्लिश स्कूल साताऱ्यात १८९९ पासून होते. पण मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुणे गाठावे लागे, नाहीतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत विलिंग्डन उभे राहिले आणि दक्षिण महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातल्या मुलांचीही सोय झाली. विनायक कृष्ण गोकाक, रं. श्री. मुगळी यांच्यासारखे कन्नड साहित्यातले मोठे लोक तिथे शिकवत होते. पु. ल. देशपांडेही काही काळ विलिंग्डनचे विद्यार्थी होते.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या साक्षीने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. विलिंग्डनपाशी पुण्याच्या सोसायटीची परंपरा होती आणि पदवीधर प्राध्यापक होते. कालेला होते ते एक वसतिगृह आणि बहुजनांच्या मुलांना शिकवायचेच हा निर्धार. एका संस्थेने कॉलेज काढले आणि मुलांनी तिथवर यावे अशी व्यवस्था केली. दुसरीने मुलांच्या घरापासून सुरुवात केली, आणि कॉलेज काढायला तिला पुढे अठ्ठावीस वर्षे लागली. या दोन्ही वाटा आवश्यक होत्या. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्याला विलिंग्डनचा आधार झाला. मॅट्रिकपर्यंत पोचण्याचीच ज्याला मारामार, त्याच्यासाठी रयत निघाली.

वसतिगृह हाच पाया

भाऊरावांची स्वतःची मॅट्रिक पुरी झालेली नव्हती. कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकत असताना वसतिगृहात राहण्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. रयतेच्या आधी, १९१० च्या सुमारास, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगावात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उभारण्याच्या कामात भाग घेतला. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचा सौदा करताना त्याच घरातला शाळा सुटलेला मुलगा त्यांच्या नजरेस पडत असे. गावात शाळा नाही, शाळा आहे तिथे राहायला जागा नाही, जागा मिळाली तर जेवणाचे काय, असा सगळा गुंता त्यांना पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही.

१९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्यात आले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतल्या या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत अशी सगळी मुले एका पंगतीला बसत. धान्य मुले घरून आणीत आणि कमी पडेल ते मुष्टिफंडातून येई. घरातली बाई दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी, ते गोळा होऊन बोर्डिंगात पोचे. पाणी भरणे, सरपण फोडणे, भाकरी थापणे ही कामे मुले पाळीने करीत. एकदा बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे संस्थेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचे कॉलेज पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढची पायरी शिक्षकांची होती. १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले, तिथून तयार झालेले शिक्षक गावोगावच्या व्हॉलंटरी शाळांवर गेले आणि या शाळांची संख्या पाचशेच्या वर पोचली. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. स्त्री-शिक्षिका घडवण्यासाठी १९४२ मध्ये जिजामाता ट्रेनिंग कॉलेज निघाले. गावची शाळा, शिक्षक, हायस्कूल आणि वसतिगृह अशी साखळी पुरी झाल्यावरच संस्थेने कॉलेजचा विषय काढला. जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. त्याच वर्षी सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले, तेच आजचे वालचंद. पुढे १९५४ मध्ये कराडला रयतेचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आले.

छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना प्रत्यक्षात आली. मुले सकाळी शेतात राबत, विहिरी खणत, बांधकामावर जात, आणि त्यानंतर तासाला बसत. प्रा. एन. डी. पाटील हे वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. १९५० च्या दशकात ते या कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘कमवा आणि शिका’चे प्रमुखही. पुढे इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य आणि अखेर संस्थेचे चेअरमन झाले. बोर्डिंगचेच विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. धनिणीच्या बागेपासून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता त्यांनी एका आयुष्यात पार केला.

प्रिव्हियस, इंटर, प्रीडिग्री

मॅट्रिक आणि पदवी यांच्या मधल्या वर्षांना सुरुवातीपासून बस्तान असे मिळालेच नाही. मुंबई विद्यापीठाच्या काळात मॅट्रिकनंतर प्रिव्हियस, मग इंटर आणि नंतर बी.ए. अशा पायऱ्या होत्या. मॅट्रिकची परीक्षाही विद्यापीठच घेई. १९४९ पासून शालान्त परीक्षा बोर्डाकडे गेली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाचे काम सुरू झाले आणि सातारा-सांगलीची कॉलेजे मुंबईकडून पुण्याकडे आली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा ती पुण्याकडून कोल्हापूरकडे गेली. सोळा वर्षांच्या आत छत्रपती शिवाजी कॉलेजने तीन विद्यापीठे पाहिली. तेव्हा शालान्त परीक्षा, म्हणजे एसएससी, अकरावीला असे; ती झालेला मुलगा मग कॉलेजच्या प्रीडिग्रीच्या वर्गात येई. पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा हायस्कूलच्या बाकावरून उठून एकदम दीडशे जणांच्या वर्गात बसे. प्रीडिग्रीला किंवा इंटरला गळणारी मुले पुष्कळ असत.

तरीही या काळात दोन गोष्टी फार मोलाच्या झाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ मध्ये, ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलत आली. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. जात न पाहता उत्पन्न पाहणारी ही सवलत होती, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजचा दरवाजा तिने उघडून दिला. राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहाची आणि फीची सोय सरकारची, अशी जोड प्रथमच जमली. ‘ईबीसीत शिकलो’ असे म्हणणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांतले कितीतरी पुढे शिक्षक, तलाठी, डॉक्टर, इंजिनिअर झाले.

दुसरी गोष्ट विद्यापीठाची. तेव्हाचे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई हे पाटण खोऱ्यातले, त्यामुळे कोल्हापूरच्या विद्यापीठामागे सातारा जिल्ह्याचाही रेटा होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी विद्यापीठाच्या आवारातही ‘कमवा आणि शिका’ सुरू केले. वसतिगृहात सुरू झालेली पद्धत विद्यापीठापर्यंत पोचली. म्हणजे साताऱ्यात राबून शिकलेल्या मुलाला कोल्हापुरात एम.ए. करतानाही राबून शिकण्याची सोय मिळाली.

याच सुमाराला पुढच्या शिक्षणाच्या जागाही घराजवळ आल्या. कराडला १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मिरजेला १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगलीचे वालचंद आधीपासून होतेच. विज्ञान शाखेची ओढ आपल्या भागात वाढली, त्यामागे हे मोठे कारण आहे. मुलाला समोर दिसणारे कॉलेज हे जाहिरातीतल्या कॉलेजपेक्षा जास्त बोलावते. रयतेनेही सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात पाय रोवले आणि विट्याला बळवंत कॉलेज सुरू केले.

अकरावी गावात आली

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला. मधली दोन वर्षे कोठे ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. इंग्लंडमध्ये या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. तिथे विद्यार्थी तीन-चार विषय निवडून खोलवर शिकतो आणि बहुधा आपल्या शाळेतच राहतो. महाराष्ट्राने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. वरिष्ठ महाविद्यालयाला अकरावी-बारावीचे वर्ग जोडता येत होते आणि माध्यमिक शाळेलाही.

रयतेच्या दृष्टीने हा निर्णय फार मोठा ठरला. वरिष्ठ कॉलेज काढायला जमीन लागते, विद्यापीठाची मान्यता लागते, पैसा लागतो, आणि ते तालुक्यात एक निघाले तरी पुष्कळ. हायस्कूल मात्र गावोगाव होते. अकरावी हायस्कूलला जोडली की मुलाला घर सोडावे लागत नाही. जून १९७५ मध्ये जी मुले अकरावीत बसली, त्यांची बारावी १९७७ मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वर्ग वाढत गेले. सुरुवातीला कला शाखा निघाली, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. मग वाणिज्य आली. विज्ञान शेवटी आले, तेही बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तुकडी म्हणून. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, साखर कारखान्यांनी हातभार लावला आणि शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ओटे बांधून प्रयोगशाळा झाल्या.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. गावात अकरावी आली, पण तिच्याबरोबर शिक्षक आलेच असे झाले नाही. गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक मिळणे अवघड आणि मिळाला तर टिकणे त्याहून अवघड. विनाअनुदानित तुकडीवर तो तुटपुंज्या मानधनावर काम करी आणि अनुदानित जागा दिसली की निघून जाई. वर्ग होते, वर्गात मुले होती, आणि वर्षाच्या मध्यावर रसायनशास्त्राच्या तासिका रिकाम्या, असे प्रसंग कित्येक ठिकाणी आले. कनिष्ठ महाविद्यालयाचा हा कच्चा दुवा आजही पुरता पक्का झालेला नाही.

जूनमधला वर्ग

अकरावी विज्ञानाच्या वर्गातला जून कसा असतो, हे शिकवणाऱ्यालाच माहीत. दहावीला मराठी माध्यमात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेली मुले पहिल्या आठवड्यात गप्प असतात. भौतिकशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत, फळ्यावरची व्याख्या इंग्रजीत. प्रश्न विचारायचा तर तोही इंग्रजीत विचारावा लागेल, या धाकाने हात वर होत नाहीत. चांगला शिक्षक पहिले दोन महिने दोन्ही भाषांत शिकवतो. मुलांच्या वहीची मागची पाने शब्दांनी भरलेली असतात, डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला मराठी. दिवाळीपर्यंत ज्याने ती पाने भरली तो तरला. ज्याने सोडून दिले त्याचे गाडे सहामाहीलाच अडते. सेमी-इंग्रजी आल्यापासून हा त्रास कमी झाला आहे, पण गेलेला नाही.

प्रयोगशाळेत मात्र भाषेची अडचण उरत नाही. ब्युरेटची तोटी एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचा आणि फिका गुलाबी रंग टिकला की तोटी बंद करायची. थेंबभर जास्त पडले तर रंग गडद होतो आणि वाचन परत घ्यावे लागते. तीन वाचने जुळल्याशिवाय सर कॉन्स्टंट रीडिंग मान्य करत नाहीत. शेतात पाटाचे पाणी वळवायची सवय असलेली मुले हे काम पटकन उचलतात. वर्गात गप्प बसणारा मुलगा इथे पहिल्यांदा बोलू लागतो. मग जर्नल लिहायचे, आकृत्या काढायच्या, सह्या घ्यायच्या. जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बसता येत नाही, म्हणून जानेवारीत स्टाफरूमबाहेर जर्नले घेतलेल्या मुलांची रांग लागते.

ऑफिसातले काम कुणी मोजत नाही, पण विद्यापीठाच्या तयारीत त्याचाही वाटा मोठा आहे. जातपडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो. तो अकरावीतच पाठवला नाही तर बारावीनंतर व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी धावाधाव होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, आधार आणि बँक खात्यावरच्या नावातला फरक, शिष्यवृत्तीचा अर्ज ही सगळी कागदपत्रे बापाला माहीत नसतात. त्याने कधी कॉलेजची पायरी चढलेली नसते. अशा वेळी ‘आजोबांच्या शाळेचा दाखला काढून आणा, त्यावर जात लिहिलेली असेल’ असे सांगणारा कारकून त्या मुलाचा खरा मार्गदर्शक ठरतो. गुण असून कागद नाही म्हणून प्रवेश हुकलेला मुलगा सगळ्यांच्या जिव्हारी लागतो.

गुणांचा काळ

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. वसंतदादा सांगलीचे, त्यांचे स्वतःचे शिक्षण फार झालेले नव्हते. त्यांच्या या निर्णयावर टीका झाली, आजही होते. पण बारावीनंतरच्या जागा त्यामुळे कितीतरी पटींनी वाढल्या, हेही खरे. पूर्वी पहिल्या काही जणांनाच मिळणारी वाट मधल्या फळीतल्या मुलालाही दिसू लागली. त्याला फी भरावी लागली, बापाला शेत गहाण टाकावे लागले, तरी वाट दिसली.

त्या काळात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. पीसीबी आणि पीसीएम ग्रुपच्या एकेका गुणासाठी मुले झुरत. लातूर पॅटर्नची हवा आपल्याकडेही आली. कॉलेजांत जादा तास, सराव परीक्षा, रात्रीच्या अभ्यासिका सुरू झाल्या. रयतेच्या शाळांमधल्या रात्र-अभ्यासिका म्हणजे जुन्या बोर्डिंगचाच नवा अवतार होता. घरी दिवा नाही, दिवा असला तर भारनियमन, आणि एका खोलीत पाच माणसे, अशा घरातली मुले शाळेत सतरंजी टाकून रात्री अभ्यास करीत आणि तिथेच झोपत.

नव्वदीच्या अखेरीस सीईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि २०१६ पासून वैद्यकीयसाठी नीट. त्यामुळे बारावीचे गुण हा नुसता पात्रतेचा भाग उरला. या बदलाचा परिणाम वर्गात लगेच दिसला. सधन घरातली मुले सांगली, कोल्हापूर, पुणे, लातूर, नाहीतर थेट कोट्याच्या क्लासला गेली. काहींचे नाव गावच्या कॉलेजात आणि हजेरी शहरातल्या क्लासमध्ये. कॉलेज प्रात्यक्षिकापुरते उरले. गावात राहिला तो फी न परवडणारा मुलगा. आणि वर्गातली चढाओढ कमी झाल्यामुळे त्याचेही नुकसान झाले.

मुलींची बारावी

या पन्नास वर्षांत सर्वांत मोठा बदल कुणी केला असेल तर तो मुलींनी. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली, एसटीचा पास मिळाला, आणि अकरावी गावाजवळ आली. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर शिक्षण चालू ठेवायला बापाची हरकत उरली नाही. गावात वर्ग नसता तर मुलीला साताऱ्याला किंवा सांगलीला खोली घेऊन ठेवणारी घरे किती निघाली असती? आज कला आणि वाणिज्यच्या पुष्कळ वर्गांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त दिसते. विज्ञानातही त्या मागे नाहीत.

तरी एसटी चुकली की मुलीचा तास चुकतो, हे प्राध्यापकांनी लक्षात ठेवायला हवे. संध्याकाळी पाचनंतरचा जादा तास मुलींसाठी नसल्यासारखाच असतो. म्हणून कित्येक ठिकाणी प्राचार्यांनी एसटीच्या आगारात खेटे घालून गाडीची वेळ बदलून घेतली आणि जादा तास सकाळी लावले. अशा बारीकसारीक गोष्टींनीच मुली बारावीपर्यंत पोचल्या.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस, वाळवा, मिरज भागांतल्या घरांबरोबर मुलांच्या वह्या-पुस्तकांचेही नुकसान झाले. पुढच्याच वर्षी कोविड आला आणि २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली. दोन्ही वेळा पहिली भीती अभ्यास बुडण्याची नव्हती, मूल कायमचे सुटण्याची होती. शाळा बंद पडली की मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर बाक रिकामे राहतात. त्या काळात घरोघर फिरून मुलांना परत आणणारे शिक्षक हे जुन्या परंपरेचेच वारस होते.

आज आणि पुढे

२०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही त्याची घटक महाविद्यालये. कालेच्या वसतिगृहापासून निघालेली संस्था एकशे दोन वर्षांनी विद्यापीठापर्यंत आली. नवे शैक्षणिक धोरण नववी ते बारावी हा एक टप्पा मानते आणि पदवीला चार वर्षांचा पर्याय देते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. आजवर गावातल्या मुलाचा बाप प्राचार्यांना भेटून जागा पक्की करी. आता मोबाइलवर पसंतीक्रम भरायचा असतो आणि तो चुकीचा भरला तर मुलाला तीस किलोमीटरवरचे कॉलेज मिळते.

पद्धती बदलतात आणि आणखी बदलतील. प्रिव्हियस गेली, इंटर गेली, प्रीडिग्री गेली. बारावीच्या गुणांचे महत्त्वही ओसरले. शंभर वर्षांत बदलला नाही तो विद्यार्थी. तो घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच असतो. घरी पुस्तकांचे कपाट नसते आणि रोजगाराची हाक दारातच उभी असते. त्याच्यासाठी संस्थेने पुढच्या काळात काय करावे, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

नीट-सीईटीची तयारी आज विकत मिळते, म्हणून ती फुकट किंवा माफक खर्चात मिळेल अशी केंद्रे प्रत्येक तालुक्यात निघायला हवीत. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला वर्षभर टिकेल असा पगार मिळायला हवा, नाहीतर वर्ग उघडून उपयोग नाही. मुलींच्या वसतिगृहांना इमारतींच्या यादीत पहिला मान मिळावा. बारावीत किती जण प्रथम श्रेणीत आले, हे आपण दरवर्षी फलकावर लिहितो. त्याच्या शेजारी अकरावीत आलेल्यांपैकी किती जण बारावीच्या परीक्षेला बसले आणि त्यांतले किती पदवीला गेले, हेही लिहावे. गळालेल्यांचा आकडा दिसू लागला की तो कमी करण्याची जबाबदारी आपोआप अंगावर येते. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद आहे. अकरावीच्या पहिल्या दिवशी वर्गात बसलेले प्रत्येक मूल बारावीच्या शेवटच्या पेपरला हजर असले, तर ते ब्रीद पाळले गेले असे म्हणता येईल.